हजारावा तुकडा

...नाही, पण सहाशेचे दीडशे होतातच कसे, एवढंच मला कुणीतरी समजावून सांगा. बाकी माझं काही म्हणणं नाही. तेच टेबल, तोच विकणारा, तोच खोका, खोक्यावर तोच किल्ला. मी सकाळी दहाला विचारलं तर म्हणाला, "सहाशे म्हणजे सहाशे." आणि वर खोका माझ्या हातातून काढून जागेवर ठेवला, जसा काही मी तो घेऊन पळणारच होतो. आणि अकरा वाजता, तुम्हाला सांगतो, तोच खोका आमच्या साडूच्या काखेत. म्हटलं, "कितीला?" तर म्हणतो कसा, "दीडशे म्हणाले ते. मी काही बोललोच नाही साडूभाऊ." काही बोललोच नाही, ऐकलंत? म्हणजे हा गप्प बसला की साडेचारशे उतरतात आणि मी घसा सुकेपर्यंत बोललो तर खोका काढून घेतात... जाऊ द्या. मी जळत नाही हं. जळणं माझ्या स्वभावातच नाही. मी आपलं फक्त विचारतोय.

तुम्ही म्हणाल, एवढ्या टोणग्या माणसांचं खोक्यांवरून काय चाललंय? तर मला जिगसॉ पझलचा नाद आहे. पुठ्ठ्याचे ते वेडेवाकडे तुकडे जोडून चित्र करायचं, ते. दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो आणि घरी येऊन तुकडे बसवतो. बायको म्हणते, "तुम्हाला बसवायला काहीतरी लागतंच, फक्त घरात नीट बसत नाही." असो. नवीन पझल परवडत नाही, म्हणून जुनी घ्यायची, झाली की विकायची, ज्यांच्यावर जीव जडला ती ठेवायची. त्यासाठी महिन्यातून एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये बाजार भरतो. जुने कॅमेरे, विमानांची मॉडेलं, मासे धरायचे गळ, पोस्टाच्या तिकिटांचे अल्बम, आणि डाव्या भिंतीला आम्ही पझलवाले. आमच्यात एक पद्धत आहे. पझल पूर्ण लावलं की झाकणाच्या आतून तारीख घालून सही करायची. आणि एक नियम आहे, भिंतीवरच चिकटवलाय: एक तुकडा कमी, किंमत निम्मी. मग मागणाऱ्याने कुरकुर करायची नाही आणि देणाऱ्यानेही.

आता हा नाद साडूला लावला कुणी? मीच लावला. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पाण्याचे पंप दुरुस्त करतो. तीन वर्षांपूर्वी पंपावरून पडला, पायाला प्लास्टर, दीड महिना घरात. मला दया आली. एरवी मला फार दया येत नाही, पण त्या दिवशी आली. पाचशे तुकड्यांचं कोंबड्यांचं पझल नेऊन दिलं, माझ्या स्वतःच्या या हातांनी. आज त्याच्याकडे त्रेचाळीस खोके आहेत. माझ्याकडे बावीस वर्षांत एकतीस. आणि त्याच्या त्रेचाळिसांना जेवढे पैसे लागले ना, तेवढ्यात माझे नऊसुद्धा येत नाहीत. मी काढून बघितलंय. जळून नव्हे, सहज काढून बघितलं.

मी त्याच्या मागे उभं राहून अभ्यास केलाय. तुम्हाला वाटेल, काहीतरी युक्ती असणार. तर ऐका. हा टेबलाशी जातो. खोका उचलतो. किंमत विचारत नाही. झाकण उघडून आतली सही वाचतो आणि म्हणतो, "अरे वा, हे कुणी लावलं होतं?" झालं. समोरचा सुरू होतो. "आमच्या वडलांनी लावलं, त्यांचे हात थरथरायचे..." आणि हा ऐकतो. अर्धा तास ऐकतो. मध्येच "हो का," मध्येच "मग?" शेवटी समोरचा डोळे पुसून म्हणतो, "घेऊन जा हो तुम्ही, काय द्यायचं ते द्या." मी हे करून बघितलं. "अरे वा, हे कुणी लावलं होतं?" विचारलं. तो म्हणाला, "मी लावलं. चारशे." आता पुढे काय म्हणणार? "मग?" म्हटलं. तर तो म्हणाला, "मग काय, चारशे."

तर हे असं. आता मूळ दुखण्याकडे येतो.

एक चार पझलांचा संच आहे. एकच दीपगृह, चार वेळा. एकात ऊन, एकात वादळ, एकात पाऊस आणि एकात धुकं. काढणारी कंपनी कधीच बंद पडली. ऊन, वादळ, पाऊस माझ्याकडे आहेत. धुकं नाही. नऊ वर्षं शोधतोय. सापडणार कसं? हजार तुकडे, त्यातले नऊशे नुसते राखाडी. लोक चार दिवस झगडतात आणि फेकून देतात. माझ्याकडे कपाटात तीन खोके उभे आणि शेजारी चौथ्याची जागा मोकळी, नऊ वर्षं मी तिथे दुसरं काही ठेवू दिलेलं नाही. बायकोने एकदा तिथे इस्त्री ठेवली तर दोन दिवस बोललो नव्हतो.

आणि तीन महिन्यांपूर्वीच्या बाजारात, सगळ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर, धुकं. टेबलामागे एक बाई बसलेल्या, पांढरे केस, पाठ ताठ, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना हेडबाई म्हणतात. खोक्यावर चिठ्ठी: आठशे. आता नऊ वर्षं शोधलेल्या वस्तूला आठशे म्हणजे काही जास्त नव्हते. पाकिटात नऊशे होते. काढायचे आणि द्यायचे, एवढंच काम होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

पण मला दिसायला लागला साडू. म्हणजे तो तिथे नव्हता, एक पंप बघून मग येणार होता, पण डोळ्यांसमोर आला. मी आठशे देऊन घरी जाणार आणि हा खोका बघून म्हणणार, "छान झालं साडूभाऊ." टोमणा मारणार नाही, तेच तर वाईट आहे. तो मनापासून म्हणणार. आणि मला मात्र आयुष्यभर वाटत राहणार की ह्याला हे अडीचशेला मिळालं असतं. तुम्हाला सांगतो, मला धुकं हवं होतं, पण नुसतं धुकं नको होतं. साडूपेक्षा स्वस्त धुकं हवं होतं.

मग मी सुरू केलं. खोका उचलला, नाक मुरडलं, खाली ठेवला, "हं" केलं आणि निघालो. मागून हाक येते ना अशा वेळी? मी हळूहळू चाललो, हाकेला वेळ मिळावा म्हणून. गळांपर्यंत गेलो, हाक नाही. कॅमेऱ्यांपर्यंत गेलो. विमानांना वळसा घालून अख्ख्या हॉलची फेरी मारून परत त्याच टेबलाशी आलो. हेडबाई वही तपासतात तशा माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "काही विसरलात का?"

म्हटलं, "तुकडे पूर्ण आहेत का, ते विचारायचं राहिलं."

"मोजून घ्या," म्हणाल्या, आणि एक ताट पुढे सरकवलं.

मोजायला बसलो. दहा-दहाचे ढीग. शंभर ढीग करायचे. आणि साठाव्या ढिगाशी माझ्या डोक्यात तो नियम आला. एक तुकडा कमी, किंमत निम्मी. आठशेचे चारशे. मी आजवर कुणाची टाचणी उचललेली नाही हो. दुकानात गिऱ्हाईक रुमाल विसरलं तर धुऊन परत देतो. पण त्या वेळी हेडबाई शेजारच्या गिऱ्हाइकाला काहीतरी देत होत्या, आणि माझ्या हातात एक तुकडा होता, राखाडी, त्यावर काहीसुद्धा नाही, आणि शर्टाच्या खिशात चष्म्याची डबी होती... गेला तो डबीत. माझा मीच बघत राहिलो. तोवर तोंड सुरू झालं होतं.

"बाई, नऊशे नव्व्याण्णव भरतात."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः मोजले. परत मोजले. खोका उलटा करून आपटला, टेबलाखाली वाकून बघितलं, त्या वयात. मी पण वाकून बघितलं, काय करणार? आणि इथे मी माती खाल्ली. साधं "मग चारशेला द्या" म्हणायचं, तर मला वाटलं थोडं अजून ताणावं, तीनशेपर्यंत येईल. म्हणून मी सुस्कारा टाकून म्हटलं, "छे, अपुरं पझल घेऊन मी करू काय? मला नकोच हे."

हेडबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. अपुऱ्या कामाला मी कधी गुण दिले नाहीत, आता पैसे कसे घेऊ?" आणि चिठ्ठी काढून फाडली. मी म्हणतोय, "नाही, म्हणजे, तसं अगदीच नको असं नाही," पण त्यांचं लक्षच नाही, कारण तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे वा, हे कुणी लावलं होतं?"

कोण आलं असेल, सांगा तुम्हीच.

"आम्ही दोघांनी," हेडबाई म्हणाल्या. "चौदा महिने लागले. ते आकाश लावायचे, मी समुद्र. धुक्यात दोन्ही सारखंच, त्यामुळे रोज भांडण." साडू म्हणाला, "मग?" मग काय, पंचवीस मिनिटं. यजमान गेल्यापासून खोका बघवत नाही, म्हणून विकायला काढला, पण आता एक तुकडा हरवलाय म्हणतात हे, कसा हरवला कळत नाही, बाईंनी तर तुकडे मोजून ठेवले होते... आणि डोळ्याला पदर नाही लावला, पण चष्मा लावला. मी तिथेच उभा. खिशातली डबी अशी जड झाली की मला वाटलं शर्ट फाटतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. तर हेडबाई साडूला म्हणतात, "तुम्ही न्या. पैसे नकोत."

फुकट. मला तो शब्द ऐकू आला आणि माझं उघडलेलं तोंड मिटलं. मला वाईट वाटत होतं हो त्यांच्याबद्दल, खरंच वाटत होतं, पण त्याहून जास्त काय वाटलं ते खोटं कशाला सांगू? जळालो. आतून बाहेरून जळालो. नऊ वर्षं कुणी शोधलं? फेऱ्या कुणी मारल्या? हजार तुकडे कुणी मोजले? आणि चोरी... ती सुद्धा कुणी केली? कष्ट सगळे माझे आणि धुकं ह्याला.

आणि पुढे ऐका. हा खोका घेतो, वळतो, आणि माझ्या हातात देतो. "साडूभाऊ, तुमची जागा मोकळी होती ना कपाटात? तुमच्यासाठीच घेतलं."

आता अशा माणसाचं करायचं काय? भांडता येत नाही, रागावता येत नाही. खोका घेऊन घरी आलो. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव धुकं नाही. "भाऊजींनी दिलेलं पझल." बायको ज्याला त्याला सांगते, "भाऊजींनी फुकट मिळवून दिलं." मेहुणी फोनवर विचारते, "आमच्या ह्यांनी दिलेलं कुठवर आलं?" दूधवाल्यालासुद्धा माहीत आहे. आणि घरी आल्या आल्या साडूने सगळ्यांसमोर पुन्हा तुकडे मोजले, मेहुणीने मोजले, बायकोने मोजले. नऊशे नव्व्याण्णव. म्हणजे खोक्याच्या कोपऱ्यात सापडला असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

सात आठवडे लावत होतो. शेवटी झालं पूर्ण, म्हणजे नाही झालं. बरोब्बर मधोमध, दिव्याच्या वर, एक भोक. सगळीकडे राखाडी आणि मध्येच टेबलाचं तपकिरी लाकूड. बघणाऱ्याची नजर दीपगृहाकडे जात नाही, सरळ भोकाकडे जाते. आणि तुकडा माझ्या खिशात. बायको बाहेर गेली की डबी उघडायची, तुकडा बसवायचा, दोन मिनिटं बघायचं... काय सुंदर दिसतं म्हणून सांगू... की दारात किल्ली वाजायची. काढा परत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पझलशी, मी चोरून भेटत होतो.

तरीही चाललं असतं हो. पण गेल्या बुधवारी साडूचा फोन. "साडूभाऊ, आनंदाची बातमी. पाट्या रंगवणारा एक ओळखीचा आहे. पुठ्ठा कापून, रंगवून हुबेहूब तुकडा करून देतो म्हणाला. पैसे नको म्हणाला." अर्थातच नको म्हणाला. ह्याच्याकडून पैसे घेतं कोण? म्हणजे आता माझ्या धुक्यात साडूने फुकट मिळवलेला खोटा तुकडा बसणार आणि खरा माझ्या डबीत कुजणार. ते मात्र मला सहन होईना.

शनिवारी मी घरी येऊन जाहीर केलं, "तुकडा मिळाला." आमच्यात असे लोक असतात, अर्धवट खोके घेऊन सुटे तुकडे विकणारे. म्हटलं, त्यातलाच एक भेटला. बायकोने विचारलं, "कुठे?" सुचेल ते सांगत गेलो. पोस्टाच्या शेजारच्या जिन्याखाली बसतो, म्हातारा आहे, गळ्यात मफलर, एक डोळा बारीक करून बघतो. "कितीला दिला?" आता इथे पंचाईत. वीस म्हणावं, तर विश्वास कोण ठेवणार? मला कधी काही वीसला मिळालंय? म्हणून खरं वाटावं असं सांगितलं. "दोनशे."

साडू आमच्याकडे आला होता, चहा पीत होता. कप खाली ठेवला. "एका तुकड्याचे दोनशे?" त्याला खरंच वाईट वाटलं. उठला आणि चपला घालायला लागला. "तुम्हाला असं कुणी लुबाडलेलं मला बघवत नाही. पोस्टाजवळ ना? आलोच."

तोंडचं पाणी पळालं माझ्या. म्हटलं, "अहो राहू द्या, गेले तर गेले," पण हा जिना उतरलासुद्धा. दोन तास आला नाही. मी खुर्चीत बसून. आता हा परत येणार, म्हणणार तिथे असा कुणी नाही, मग तुकडा आला कुठून, मग हेडबाई, मग ताट... शेवटी मीच ठरवलं की सांगून टाकायचं. साडू दारात आला की पहिलं वाक्य माझं. वाक्य पाठही केलं.

दार उघडलं. मी म्हटलं, "हे बघा, मला तुम्हाला काही..." तर ह्याने माझ्यापुढे शंभराची नोट ठेवली.

"भेटला तुमचा माणूस," म्हणाला. "मफलर होता, डोळाही बारीक करतो. तुकडे काही दिसले नाहीत, जुन्या किल्ल्या विकतो. चांगला आहे हो, बायको आजारी असते त्याची. म्हणाला, मला आठवत नाही, पण वय झालंय, घेतलेही असतील. निम्मे परत दिले आणि तुमची माफी मागितलीय."

मला हाडामांसाच्या माणसाने आजवर पाच सोडले नाहीत. आणि मी डोक्यातून एक विकणारा काढला, तर त्यानेसुद्धा सूट दिली ती साडूला. पाठ केलेलं वाक्य गिळलं. म्हटलं, "बरं झालं."

पण झोप येईना हो. त्या म्हाताऱ्याने माझं काय घोडं मारलं होतं? दुसऱ्या दिवशी गेलो पोस्टाजवळ. खरंच बसला होता, मफलर, डोळा, सगळं तसंच. नुसते शंभर हातात ठेवले तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून म्हटलं, एखादी किल्ली घेऊ आणि तेवढे देऊन मोकळे होऊ. एक गंजकी उचलली, कुठल्याच कुलपाला न लागणारी. "किती?"

"दोनशे."

म्हटलं, "आजोबा, शंभरला द्या की."

त्याने डोळा आणखी बारीक केला. "नाही परवडत. कालच एका भल्या माणसाला शंभर परत केलेत. ते कुणाकडून तरी निघायला नकोत?"

निघाले. माझ्याकडून.